तेलावर चालणारी वीजकेंद्रे आणि देशाचा वीजपुरवठा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर 'युनिट' म्हणजे एक किलोवॉट-तास वीज आणि 'संच' म्हणजे वीज तयार करणारे एक यंत्र. बोलताना दोन्हींना युनिटच म्हणतात आणि तिथूनच अर्धा गोंधळ सुरू होतो. आकडे ढोबळ आहेत, पण नेहमीच्या यंत्रांना लागू पडतील असे.

१. तेलावरचं वीजकेंद्र म्हणजे मोठा डिझेल जनरेटरच ना?

काही ठिकाणी होय, पण तो तीन प्रकारांपैकी एक. पहिला प्रकार बॉयलरचा. जड इंधन तेल जाळून वाफ करायची आणि वाफेवर टर्बाइन फिरवायचे. रचना कोळशाच्या केंद्रासारखीच, फक्त कोळसा दळणाऱ्या गिरण्या आणि राखेचे ढीग नसतात. जुनी मोठी केंद्रे या जातीची असून त्यांचे संच शेकडो मेगावॉटचे असतात. दुसरा प्रकार इंजिनांचा. जहाजात असतात तशी मध्यम वेगाची इंजिने, एकेक ५ ते २० मेगावॉटचे, एका छताखाली ओळीने बसवलेली. तिसरा प्रकार गॅस टर्बाइनचा. नावात गॅस असला तरी हे यंत्र डिझेलवरही चालते, कारण टर्बाइन फिरवतो तो जळून तापलेला वायू.

हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. 'तेलाचं केंद्र पाच मिनिटांत सुरू होतं' हे इंजिनाबद्दल खरे आहे, बॉयलरबद्दल साफ खोटे.

२. फर्नेस ऑइल आणि डिझेल, दोन्ही तेलच. मग इतका फरक का करतात?

फर्नेस ऑइल म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर उरलेला जड भाग. '३८०' दर्जा म्हणजे ५० अंश सेल्सिअसला त्याचा चिकटपणा ३८० सेंटिस्टोक्सपर्यंत. थंडीत ते वाहतच नाही. म्हणून टाकीत ते ४० ते ५० अंशांच्या आसपास ठेवतात आणि बर्नरजवळ ११० ते १३० अंशांपर्यंत तापवतात. तेव्हा कुठे चिकटपणा १५-२० सेंटिस्टोक्सवर येतो आणि नोझलमधून बारीक फवारा उडतो. तापमान दहा अंशांनी कमी पडले तर फवाऱ्याऐवजी थेंब पडतात, ज्वाला लांबते, धूर काळा होतो आणि नोझलच्या तोंडाशी कोकचा गोळा जमतो.

टाकीपासून बर्नरपर्यंतच्या पाइपाला वाफेची किंवा विजेची गरम नळी गुंडाळलेली असते. ती एका वळणावर जरी बंद पडली तरी तिथले तेल गोठते आणि सगळी लाइन तुंबते. उलट बाजूनेही धोका आहेच. या तेलाचा प्रज्वलनांक, म्हणजे त्याची वाफ ठिणगीने पेट घेते ते तापमान, ६० अंशांच्या वर असावा लागतो आणि टाकीतले तापमान त्याच्या निदान दहा अंश खाली ठेवावे लागते. इंजिनात वापरायचे असेल तर तेल आधी सुमारे ९८ अंशांवर सेपरेटरमधून फिरवून पाणी आणि गाळ काढावा लागतो.

डिझेलला यातले काहीच लागत नाही. ते महाग आहे, तरी क्वचित चालणारी राखीव केंद्रे डिझेलच ठेवतात ती याच कारणाने.

३. एक युनिट वीज करायला किती तेल जळतं?

एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. जड तेलाच्या एका किलोत साधारण ४० मेगाज्यूल उष्णता असते. बॉयलरच्या केंद्राची कार्यक्षमता ३८ टक्के धरली तर युनिटमागे सुमारे २३७ ग्रॅम तेल लागते. ४५ टक्क्यांच्या चांगल्या इंजिनाला २०० ग्रॅम पुरते. साध्या गॅस टर्बाइनची कार्यक्षमता ३३ टक्के धरली तर त्याला सुमारे २५५ ग्रॅम, म्हणजे ३०० मिलिलिटर डिझेल लागते. टर्बाइनच्या गरम धुरावर पुन्हा वाफ करून दुसरे टर्बाइन चालवले की हा खप बराच उतरतो.

आता हेच मोठ्या प्रमाणावर पाहा. १०० मेगावॉटचे बॉयलर केंद्र चोवीस तास पूर्ण भाराने चालले तर २४ लाख युनिट वीज होते आणि सुमारे ५७० टन तेल जळते. रस्त्याने आणायचे तर रोज पंचवीसेक मोठे टँकर. म्हणून अशी केंद्रे बंदराजवळ, तेलशुद्धीकरण कारखान्याजवळ किंवा पाइपलाइनवर बांधलेली दिसतात.

४. इतकं महाग पडतं तर बांधली कशाला?

बांधली तेव्हा ते स्वस्त होते. १९५० आणि ६० च्या दशकांत फर्नेस ऑइल कोळशाशी सहज स्पर्धा करी. केंद्र लवकर उभे राही, माणसे कमी लागत, राख जवळजवळ नसे. ऑक्टोबर १९७३ नंतर काही महिन्यांतच कच्चे तेल पिंपाला सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेले आणि गणितच फिरले. त्या वेळी जगातली सुमारे एक चतुर्थांश वीज तेलावर होत होती. जपानमध्ये तो वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास होता. फ्रान्सने १९७४ मध्ये अणुवीज केंद्रांचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. अमेरिकेने १९७८ मध्ये नव्या वीजकेंद्रांत तेल आणि नैसर्गिक वायू वापरण्यावर कायद्याने बंधने आणली; ती १९८७ मध्ये उठली. आज जगाच्या विजेत तेलाचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास उरला आहे.

५. तीन टक्केच वाटा असेल तर सरळ बंद करून टाका ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. टक्केवारी वर्षभरात झालेल्या युनिटांची असते. पुरवठा मात्र दर क्षणाला जुळवावा लागतो. भार प्रेषण केंद्र, म्हणजे ग्रिडची मागणी आणि पुरवठा जुळवणारे नियंत्रण केंद्र, सर्वांत स्वस्त वीज आधी घेते आणि मागणी वाढत जाईल तशी महाग केंद्रे चढवत नेते. तेलाचे केंद्र या यादीत सर्वांत शेवटी असते. वर्षातले बहुतेक तास ते बंद असते, तेच योग्य आहे. पण संध्याकाळी मागणी शिखरावर असताना एखादा मोठा संच पडला, म्हणजे अचानक बंद झाला, की या शेवटच्या केंद्राला पर्याय राहत नाही. ते नसेल तर भारनियमन.

बॅटरीने हे होणार नाही का? दोन-चार तासांच्या शिखरासाठी बॅटरी आता चांगले काम करते आणि तिथून तेल हटलेच पाहिजे. बॅटरी अपुरी पडते ती लांबलेल्या टंचाईत. पाऊस न पडलेले वर्ष, दोन आठवडे टिकलेली थंडीची लाट, मोठे केंद्र महिनाभर बंद. न्यूझीलंडची वीज मुख्यतः धरणांवर. तिथे २००४ साली फिरिनाकी येथे १५५ मेगावॉटचे डिझेल केंद्र उभारले ते कोरड्या वर्षांचा विचार करून. स्वीडनमध्ये कार्ल्सहाम्न येथे जुने तेल केंद्र अनेक वर्षे राखीव म्हणून सांभाळले गेले. जपानने मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर अणुकेंद्रे थांबली तेव्हा दीर्घकाळ बंद ठेवलेले तेलाचे संच पुन्हा चालू केले. ते मोडीत काढलेले असते तर सुरू करायला काही उरलेच नसते.

६. वर्षात पन्नास तास चालणाऱ्या केंद्राला वर्षभराचे पैसे का द्यायचे?

कारण ते पैसे विजेचे नसून तयारीचे असतात. करारात दोन भाग असतात : क्षमतेमागे स्थिर आकार आणि प्रत्यक्ष युनिटमागे इंधनाचा आकार. स्थिर आकारातून पगार, देखभाल आणि टाकीत पडून असलेल्या तेलावरचे व्याज भागते.

आमचा आग्रह एवढाच की हा पैसा तपासणीशी बांधलेला हवा. न सांगता दिलेल्या आदेशावर संच ठरलेल्या मिनिटांत सुरू झाला का, पूर्ण भारावर निदान काही तास टिकला का, टाकीत करारात लिहिलेले तेल आहे का, हे पाहून मगच पैसे द्यावेत. कागदावरच्या मेगावॉटला पैसे देणे म्हणजे ग्राहकाची फसवणूक आहे.

७. बंद केंद्र सुरू व्हायला किती वेळ लागतो?

इंजिनाच्या जॅकेटमधले (सिलिंडरभोवतीच्या पोकळीतले) पाणी सतत ६०-७० अंशांवर ठेवलेले असेल तर दोन ते दहा मिनिटे. गॅस टर्बाइनला दहा ते तीस मिनिटे. बॉयलर थंड असेल तर आठ-दहा तास किंवा अधिक, कारण जाड ड्रम आणि टर्बाइनचा रोटर हळूहळू तापवावा लागतो. घाई केली तर धातू असमान प्रसरण पावतो आणि तडे जातात. तोच बॉयलर काही तासांपूर्वीच बंद केलेला असेल तर दोन-तीन तासांत येतो. त्यामुळे बॉयलरचे केंद्र राखीव ठेवायचे तर आदेश आदल्या दिवशीच द्यावा लागतो.

८. पूर्ण ग्रिड अंधारात गेल्यावर तेलाची केंद्रे काय करतात?

मोठे केंद्र स्वतःहून उठू शकत नाही. कोळशाच्या ५०० मेगावॉटच्या संचाला पंप, पंखे आणि गिरण्या चालवायलाच ३० ते ४० मेगावॉट लागतात. ती वीज बाहेरून यावी लागते. तिथे 'ब्लॅक स्टार्ट'ची सोय असलेले केंद्र कामाला येते, बहुधा जलविद्युत किंवा तेलाचे.

क्रम असा. बॅटरीवर किंवा दाबाखालच्या हवेवर एक लहान डिझेल संच सुरू होतो. तो गॅस टर्बाइनचे वंगणाचे पंप आणि स्टार्टर मोटर चालवतो. टर्बाइन पूर्ण वेगाला आले की मृत बसबार (केंद्रातल्या मुख्य वीजवाहक पट्ट्या) जिवंत करतात. मग एकच लाइन निवडून मोठ्या केंद्राच्या दिशेने वीज नेतात आणि वाटेत थोडा-थोडा भार जोडत जातात.

चुका तीन ठिकाणी होतात. भार नसलेली लांब लाइन दुसऱ्या टोकाला विजेचा दाब (व्होल्टेज) वाढवते, म्हणून सुरुवात कमी दाबाने करतात. मोठा ट्रान्सफॉर्मर जोडताना क्षणिक प्रवाह उसळतो आणि संरक्षण रिले (धोका दिसताच वीज तोडणारे उपकरण) संच पाडतो. तिसरी चूक मोहाची असते : लोक अंधारात आहेत म्हणून मोठा भार एकदम जोडणे. चालू क्षमतेच्या पाच टक्क्यांहून मोठा घास घेऊ नये हा जुना नियम आहे. त्यातच बराच वेळ बंद असलेल्या फीडरवर (वस्तीला वीज नेणाऱ्या लाइनवर) फ्रीज, पंप, एसी सगळे एकदम चालू होतात, त्यामुळे तो काही मिनिटे नेहमीच्या दुपटीपर्यंत भार ओढतो. क्यूबात १८ ऑक्टोबर २०२४ ला आंतोनियो गितेरास केंद्र पडले आणि सारा देश अंधारात गेला. पुढच्या काही दिवसांत उभारलेला पुरवठा पुन्हा पुन्हा कोसळला.

९. टाकीत किती दिवसांचं तेल असावं?

टाकी किती मोठी आहे यापेक्षा ती किती वेगाने पुन्हा भरता येते हे आधी विचारा. १,००० मेगावॉट सरासरी ७० टक्के भाराने महिनाभर चालवायचे तर सुमारे १.२ लाख टन तेल लागते. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडमध्ये डिसेंबर २०१७ ते जानेवारी २०१८ या थंडीच्या लाटेत गॅस घरे तापवण्याकडे वळला आणि वीजकेंद्रे तेलावर गेली. दोनेक आठवड्यांत सुमारे २० लाख पिंपे जळाली. क्षमता पुरेशी होती. टाक्या मात्र भरण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने रिकाम्या होत होत्या, कारण बर्फात टँकर आणि गोठलेल्या पाण्यात बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू नौका) अडत होते. ज्या हवामानात केंद्राची गरज पडते त्याच हवामानात रस्ता बंद होतो, हे धरूनच साठा ठरवावा.

१०. साठवलेलं डिझेल खराब होतं का?

होते. टाकीच्या रिकाम्या भागात ओलावा आत येतो, भिंतीवर दव धरते आणि पाणी तळाशी साचते. तेल आणि पाण्याच्या सीमेवर बुरशी व जिवाणू वाढतात. नमुना काचेच्या बाटलीत घेऊन उजेडासमोर धरा. चांगले डिझेल आरपार दिसते. खराब झाले असेल तर मध्ये तपकिरी, शेवाळासारखा थर तरंगताना दिसतो. तोच थर सुरुवातीच्या मिनिटांत फिल्टर चोंदवतो.

उपाय साधे आहेत, पण नियमाने करावे लागतात. दर महिन्याला तळाचे पाणी सोडा. टाकी शक्यतो भरलेली ठेवा. सहा महिन्यांनी तळ, मध्य आणि वर अशा तीन पातळ्यांवरून नमुने तपासा. वर्षातून एकदा सगळे तेल फिल्टर आणि पाणी-विभाजकातून फिरवून घ्या. जैवडिझेल मिसळलेले तेल ओलावा अधिक धरते. त्याला ही वेळापत्रके निम्म्यावर आणा.

११. ऐन गरजेच्या वेळीच केंद्र सुरू होत नाही, असं का होतं?

कारण ते महिनोन्महिने उभे असते. सर्वांत सामान्य दोषी म्हणजे स्टार्टरच्या बॅटऱ्या : दाब बरोबर दिसतो, पण भार आला की कोसळतो. त्यामुळे नुसता दाब मोजून भागत नाही, भाराची चाचणी हवी. हवेवर सुरू होणाऱ्या इंजिनात गळका व्हॉल्व्ह हवेची टाकी रात्रभरात रिकामी करतो. टर्बाइनच्या तेल नोझलमध्ये मागच्या फेरीचे उरलेले डिझेल गरम धातूवर कोक होऊन बसते. मग काही बर्नर पेटत नाहीत, धुराच्या तापमानात फरक पडतो आणि नियंत्रण यंत्रणा संच बंद करते. बंद करताना नोझल हवेने साफ केले तर हा त्रास बराच टळतो.

दर महिन्याची चाचणी मोकळ्या वेगावर दहा मिनिटे चालवून उरकू नका. निदान तासभर, ६०-७० टक्के भारावर चालवा. मगच शीतकरण, पंप आणि रिले यांचे खरे दुखणे कळते. आणखी एक गोष्ट हिशोबात धरली जात नाही : जुना संच हाताळणारी माणसे निवृत्त झालेली असतात.

१२. जड तेलाने बॉयलर आणि टर्बाइन खराब होतात म्हणतात, ते कशामुळे?

व्हॅनेडियम, सोडियम आणि गंधक. व्हॅनेडियम व सोडियम यांची संयुगे ६०० अंशांच्या आसपास वितळतात आणि सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या) नळीवरचा संरक्षक थर खातात. त्यावर मॅग्नेशियमचे संयुग मिसळतात. राखेचा वितळणबिंदू वर जातो आणि ती भुसभुशीत होऊन गळून पडते. गॅस टर्बाइनमध्ये जड तेल वापरायचे तर सोडियम आधी पाण्याने धुऊन काढावा लागतो, ज्वलनाचे तापमान उतरवावे लागते आणि पाती ठरावीक काळाने धुवावी लागतात.

गंधकाचा मार थंड टोकाला बसतो. धूर १३० ते १५० अंशांखाली उतरला की सल्फ्युरिक आम्लाचे दव हवा-तापकावर धरते आणि पत्रे सडतात. थोडी उष्णता वाचवायला म्हणून धुराचे तापमान आणखी उतरवणारे पुढे पत्रे बदलण्यात त्याच्या कितीतरी पट गमावतात.

१३. प्रदूषण कोळशापेक्षा कमी की जास्त?

कोणते प्रदूषण, यावर अवलंबून. कार्बन डायऑक्साइड युनिटमागे अंदाजे असा : कोळसा ९५० ग्रॅम, साध्या टर्बाइनमध्ये डिझेल ८१०, बॉयलरमध्ये जड तेल ७३०, संयुक्त चक्रात (टर्बाइनच्या धुरावर वाफेचे दुसरे टर्बाइन) नैसर्गिक वायू ३७०. गंधकाचे गणित वेगळे. तीन टक्के गंधकाच्या एक टन तेलातून ६० किलो सल्फर डायऑक्साइड निघतो. प्रश्न ३ मधले केंद्र रोज ३४ टन सोडेल. धुरातला गंधक काढणारी यंत्रणा नसेल तर कमी गंधकाचे तेल हाच मार्ग. अशी केंद्रे वस्तीला लागून असतात तिथे यात तडजोड होता कामा नये.

१४. केंद्राजवळ उभ्या गाड्यांवर काळे चिकट ठिपके पडतात. ते काय?

आम्लाने भिजलेली काजळी. चिमणीचे आतले अस्तर थंड असताना तिथे आम्ल धरते, त्यावर काजळी चिकटते आणि भार बदलला की पापुद्रे सुटून खाली पडतात. रंगावर डाग कायमचा राहतो. दिसताच भरपूर पाण्याने धुवा, घासू नका. केंद्राने दुरुस्त करायचे ते म्हणजे फवारा, जादा हवेचे प्रमाण आणि चिमणीचे उष्णतारोधन.

१५. तेलाचं केंद्र गॅसवर आणता येतं का?

येते आणि बऱ्याच ठिकाणी आणले आहे, पण नुसते बर्नर बदलून भागत नाही. तेलाची ज्वाला पिवळी, तेजस्वी असते आणि भट्टीच्या भिंतींना भरपूर उष्णता देते. गॅसची ज्वाला फिकट असते. उष्णता पुढे सरकते आणि सुपरहीटर जास्त तापतो. वाफेवर पाणी फवारून तापमान आवरण्याची क्षमता आधी तपासा.

दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या टर्बाइनमध्ये एक अडचण ऐन वेळी उघडी पडते. तेलावर असताना नायट्रोजन ऑक्साइड दाबायला शुद्ध केलेले पाणी फवारावे लागते, बहुतेकदा तेलाच्या वजनाच्या निम्म्यापासून तितकेच. टाकीत तेल आठवड्याचे आणि पाणी दोन दिवसांचे असेल तर केंद्र दोन दिवसांचेच आहे.

१६. सौर ऊर्जा आली की डिझेल इंजिनं दिवसा बंद ठेवता येतील?

बॅटरीशिवाय पूर्ण नाही. ढग आला की सौर वीज काही सेकंदांत पडते, म्हणून निदान एक-दोन इंजिने फिरती ठेवावी लागतात. ती ३० टक्क्यांखाली चालवली तर सिलिंडर थंड राहतो, अर्धवट जळलेले तेल धुराड्यात साचते आणि वंगण पातळ होते. तसे चालवावेच लागले तर रोज तासभर ७५ टक्क्यांवर नेऊन आत साचलेले जाळून टाका. बॅटरीचा पहिला उपयोग इथेच आहे : ती पहिली पंधरा मिनिटे सांभाळते, तोवर बंद इंजिन सुरू होते.

१७. पुरवठा बहुतांश तेलावरच असलेल्या बेटांचं काय?

तिथे इंधनाच्या दराइतकाच धोका एकवटण्याचा. सायप्रसमध्ये ११ जुलै २०११ ला शेजारच्या नौदल तळावर स्फोट झाला आणि व्हासिलिकोस केंद्र निकामी झाले. बेटाची सुमारे निम्मी वीजनिर्मिती एका सकाळी गेली. प्वेर्तो रिकोत सप्टेंबर २०१६ मध्ये आगिरे केंद्रातल्या स्विचयार्डच्या (वीज लाइनींना जोडण्याच्या आवाराच्या) आगीने सगळे बेट अंधारात गेले. सर्वांत मोठा संच एकूण मागणीच्या दहा टक्क्यांहून मोठा असेल तर तो पडल्यावर ग्रिडच्या विजेची वारंवारिता (हर्ट्झ) सावरणे कठीण होते. तेलच वापरायचे तर एका मोठ्या बॉयलरपेक्षा दोन जागी विभागलेली लहान इंजिने बरी.

१८. कोळशाच्या केंद्राला तेल कशाला लागतं?

थंड भट्टीत कोळशाची भुकटी पेट घेत नाही. आधी तेलाच्या बर्नरने भट्टी तापवतात. भार फार उतरला की ज्वाला टिकवायलाही तेल देतात. नीट चाललेल्या केंद्रात हा खप युनिटमागे अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी असतो. संच वारंवार बंद-चालू होऊ लागला की लगेच वाढतो.

१९. स्वतःचं तेल असलेले देश वीज तेलावरच का करतात? त्यांना तर फुकटच.

फुकट नाही. जाळलेले पिंप विकता आले असते, तो भाव सोडावा लागतो. सौदी अरेबियात उन्हाळ्यात वातानुकूलनाची मागणी वाढली की कच्चे तेलही थेट जाळतात. म्हणून तिथे गॅस आणि सौर ऊर्जेकडे वळण्याचा प्रयत्न चालू आहे. कच्च्या तेलात हलके, सहज पेटणारे भाग असतात, त्यामुळे त्याच्या पंपघराला ठिणगी-सुरक्षित उपकरणे लागतात. फर्नेस ऑइलच्या पंपघरात कच्चे तेल तसेच सोडणे धोक्याचे.

२०. पाटीवर १०० मेगावॉट लिहिलंय, पण उन्हाळ्यात ८३ च मिळतात. चोरी होतेय का?

नाही, संच गॅस टर्बाइनचा असेल तर हे अपेक्षितच आहे. पाटीवरचा आकडा १५ अंश सेल्सिअस हवेचा असतो. गरम हवा विरळ असते, टर्बाइन कमी वजनाची हवा ओढते आणि दर अंशामागे साधारण ०.७ टक्के क्षमता जाते. ४० अंशांना २५ गुणिले ०.७, म्हणजे सतरा-अठरा टक्के घट. आत येणाऱ्या हवेवर पाण्याचा फवारा दिला तर कोरड्या हवेत बरीच भरपाई होते, दमट हवेत थोडीच. घट याहून जास्त असेल तर कॉम्प्रेसरची पाती मळली आहेत का आणि हवेचे फिल्टर चोंदले आहेत का ते पाहा. राखीव क्षमतेचा करार करताना (प्रश्न ६) आकडा पाटीवरून न घेता त्या जागेच्या सर्वांत गरम संध्याकाळचा घ्यावा.